तबला कपाटात का जातो?



ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्या ग्रुपवर ठरावीक प्रश्न येऊ लागतात. मुलगी फोन उचलत नाही. मुलगा म्हणतो, मेजर बदलायचंय. थँक्सगिव्हिंगला घरी आल्यावर नुसताच झोपून असतो. मिडटर्म्स संपत आलेल्या असतात, दिवस लवकर मावळायला लागतो आणि पहिल्या दोन महिन्यांचा उत्साह ओसरलेला असतो. म्हणून आजची ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

माझा मुलगा इथल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतोय, तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरापासून गाडीने सहा तास. पुढे लिहिलेलं त्याला दाखवून, त्याची परवानगी घेऊन लिहितेय. त्याने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. एरवी रविवारी व्हिडिओ कॉलवर "आय अ‍ॅम फाइन" याच्या पलीकडे न जाणारा हा मुलगा मराठीत म्हणाला, "आई, मला काहीच सुचत नाहीये."

नंतर मी त्या वाक्यावर बराच विचार केला. आपल्याकडे 'टेन्शन' हा शब्द इतका स्वस्त झालाय की पाहुणे येणार असले तरी टेन्शन आणि नोकरी गेली तरी टेन्शन. त्यामुळे मुलं तो शब्द वापरतात तेव्हा आपण फारसं मनावर घेत नाही. पण 'सुचत नाही' हा शब्द पाहा. माणूस घाबरला, गोंधळला, थकला की आपण म्हणतो त्याला काही सुचत नाही. आणि कवीला कविता होत नसेल तरी म्हणतो, काही सुचत नाही. दोन्हीला शब्द एकच. भाषेने आधीच सांगून ठेवलंय की मनावरचा ताण आणि मनातून काही नवं उगवणं या एकाच घरातल्या गोष्टी आहेत.

त्याचं झालं होतं असं. त्या सेमिस्टरला १७ क्रेडिट्स होते. थर्मोडायनॅमिक्सची पहिली मिडटर्म वाईट गेली, मग ती भरून काढायला जागरणं सुरू झाली, जागरणांमुळे बाकीच्या विषयांच्या असाइनमेंट्स मागे पडल्या. रात्री चार-पाच तास झोप. जेवण म्हणजे रामेन. मी त्याला सरळ विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारताना माझे हात थरथरत होते. तो म्हणाला, "नाही आई, पण खूप थकलोय." हे विचारलं म्हणून मुलाच्या डोक्यात असा विचार शिरत नाही, हे तज्ज्ञ वारंवार सांगतात. उलट मनात काही असेल तर बोलायला वाट मिळते. त्यामुळे तुमच्यावर वेळ आली तर आडून आडून विचारू नका, स्पष्ट विचारा.

त्या रात्री उपाय सांगितला नाही. "तुला नुसतं कुणीतरी ऐकायला हवंय, की काही सुचवू?" एवढंच विचारलं. "जस्ट लिसन" म्हणाला. मग चाळीस मिनिटं ऐकलं.

पुढच्या दहा दिवसांत त्याने तीन गोष्टी केल्या. थर्मोच्या प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला गेला. कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये नाव नोंदवलं. आणि अ‍ॅडव्हायजरशी बोलून थर्मो ड्रॉप केला. ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' आला, क्रेडिट्स १७ वरून १४ झाले. आमच्या घरी या 'डब्ल्यू'वरून चर्चा झालीच. साधारणपणे त्याने जीपीए बिघडत नाही, पण फी परत मिळेलच असं नाही आणि स्कॉलरशिपला किमान क्रेडिट्सची अट असू शकते, म्हणून आधी फायनान्शियल एडच्या ऑफिसात विचारून घ्यावं. ज्यांची मुलं एफ-१ व्हिसावर आहेत त्यांनी तर फार जपावं. फुल-टाइमच्या खाली क्रेडिट्स जाणार असतील तर इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही.

चौथी गोष्ट त्याने केली, ती आम्हाला दोन आठवड्यांनी कळली. कपाटातला तबला बाहेर काढला.

हा तबला तो पहिल्या वर्षी हौसेने घेऊन गेला होता आणि वर्षभर तो कपाटात होता. सातव्या वर्षापासून शिकत होता. गांधर्वच्या परीक्षा दिल्या: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वाजवलं. कॉलेजच्या अर्जात निबंध लिहिला तोही तबल्यावरच. आणि अ‍ॅडमिशन मिळाल्यावर तबला कपाटात गेला.

आजूबाजूला बघते तर घरोघरी हेच. अरंगेत्रम झालं, घुंगरू पेटीत. विशारद झाली, पेटी गराजमध्ये. चित्रांचा पोर्टफोलिओ अर्जासोबत गेला, रंग वाळले. आपल्या मुलांच्या कलेला पहिल्या दिवसापासून पुढे कुठला तरी टप्पा असतो: परीक्षा, स्पर्धा, कार्यक्रम, अर्ज. शेवटचा टप्पा पार झाला की त्या कलेचं काम संपलं असं मुलांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ज्या गोष्टीला पुढे मार्क नाहीत तिला इंजिनिअरिंगच्या वेळापत्रकात जागा कशी मिळणार?

गंमत अशी की कला खऱ्या अर्थाने कामाला येते ती तेव्हाच, तिचं मोजमाप थांबल्यावर. मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी १९७९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या विद्यार्थिनींना कागदाचे कोलाज करायला दिले. काहींना सांगितलं की तुमच्या कामाचं मूल्यमापन होणार आहे, काहींना तसं सांगितलं नाही. ज्यांच्या डोक्यावर मूल्यमापनाची टांगती तलवार होती त्यांचे कोलाज कलाकारांना साधारणपणे कमी सर्जनशील वाटले. आपल्यापैकी कुणीही, बॉस मागे उभा असताना काम करून पाहिलं असेल, त्याला हे पटेल.

दुसरा अभ्यास ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीचा, गिरिजा कैमल यांचा, २०१६ मधला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चिकणमाती, मार्कर, कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. आधी कला येत होती की नाही याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर डोंगर उभारू नये. पण 'मला येत नाही' ही सबब त्याने निकालात निघते.

आमच्या घरी याच्या बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता. "तबल्याने थर्मो सुटणार आहे का?"

नाही सुटणार. पण आणखी एक गोष्ट आहे. ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली नवं सुचण्याचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरवण, उकल आणि पडताळणी. यातला दुसरा टप्पा आपल्या स्वयंपाकघरात रोज असतो. इडलीचं पीठ वाटून ठेवलं की दर दहा मिनिटांनी झाकण उघडून ढवळायचं नसतं. अवघड गणितावर तीन तास डोकं घातल्यावर तासभर हात दुसऱ्या कामात घालणं हे त्या झाकण ठेवण्यासारखं आहे. फोनवर रील्स बघणं मात्र त्यात बसत नाही, कारण तिथे डोकं रिकामं होत नाही, आणखी भरतं. तबला, विणकाम, पोळ्या लाटणं, चालणं, यात हात गुंतलेले आणि मन मोकळं असतं. चालण्याबद्दल तर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त नवनव्या कल्पना सुचल्या. एकच बरोबर उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये येरझारा घालून उपयोग नाही!

आणि थोडा ताण हवाच. तबलजीलाही पुडी ताणलेली लागते, ढिला तबला वाजत नाही. प्रमाणाबाहेर चढवला तर फाटतो. मुलांना ताणच नको असं मी म्हणत नाहीये. हातोडी कधी आणि कुठे मारायची हे त्यांना कळावं, इतकंच.

आता तो काय करतो ते सांगते. दर गुरुवारी रात्री डॉर्मच्या लाउंजमध्ये तासभर बसतो. त्याच्या मजल्यावरचा एक मुलगा कॅहॉन वाजवतो, एक मुलगी गिटार. याने त्यांना रूपक शिकवला, सात मात्रांचा, तोही खालीपासून सुरू होणारा. चारच्या हिशेबात वाढलेल्या त्या दोघांची पहिल्या दिवशी भंबेरी उडाली. कायदे, रेले याने कधीच बाजूला ठेवले, नुसता ठेका धरतो. त्याच्या गुरुजींना ऐकवलं तर ते कपाळाला हात लावतील असं तो स्वतःच म्हणतो. पण त्या तासात त्याला कुणी मार्क देत नाही. आणि अनोळखी कॅम्पसवर त्याला दोन मित्र मिळाले, हे मला काउन्सेलिंगइतकंच मोलाचं वाटतं.

चमत्कार वगैरे झाला नाही. थर्मो पुढच्या सेमिस्टरला पुन्हा घेतला, बी मायनस मिळाला. झोप अजून सहाच्या पुढे जात नाही, त्यावरून आमची बोलणी चालू असतात. पण 'काही सुचत नाहीये' हे तो आता रात्री साडेअकराची वाट न पाहता दुपारीच सांगतो.

"आमच्या वेळी असं नव्हतं" असं कुणी म्हणालं की मला पुण्याचं बी. जे. मेडिकल आठवतं. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, तिघंही त्याच कॉलेजचे. एक कान-नाक-घशाचे सर्जन, एक बालरोगतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ. मेडिकलचा अभ्यास तेव्हाही काही सोपा नव्हता. तरी नाटकाच्या तालमी होत होत्या. आपल्या मुलांनी लागू व्हावं अशी अपेक्षा नाही. तालमीला वेळ देणारा मुलगा अभ्यासातून गेला असं समजू नये, एवढंच.

जाता जाता काही कामाच्या गोष्टी.

अमेरिकेत 'फर्पा' नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, फी आपण भरत असलो तरी. त्यामुळे मार्क कळण्याचा खरा मार्ग म्हणजे मुलाशी बोलणं. १८ पूर्ण झाल्यावर हेल्थ केअर प्रॉक्सीचा कागद करून ठेवा. मूल इस्पितळात असेल तर तो लागतो.

अगदी निकडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो, चोवीस तास. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. आखातातल्या बऱ्याच जणांची मुलं पुण्या-मुंबईत शिकताहेत, त्यांच्यासाठी भारतात टेली-मानस, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. हे नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच टाका, गरज नसताना.

आणि रविवारच्या कॉलवर "जेवलास का?" जरूर विचारा, तो आपला हक्क आहे. त्यानंतर "मार्क किती?" ऐवजी एकदा विचारून बघा, "या आठवड्यात उगाचच, कशासाठीही नाही, असं काय केलंस?" उत्तर "काही नाही" आलं तरी चालेल. फक्त त्याची तपासणी करू नका, नाहीतर त्याचीही परीक्षा होईल.

तुमच्या मुलांनी कॉलेजात गेल्यावर काय कपाटात ठेवलं आणि काय बाहेर काढलं? खाली नक्की लिहा. मुलांना विचारून लिहा, म्हणजे झालं.