ठाण्यानंतर पुस्तक मिटायचं

ऐंशीच्या दशकात आमच्या डोंबिवलीच्या घरात तिघं एमबीबीएसला होते: दादा परळला, ताई शीवला आणि त्यांच्यामागून आत्याचा मुलगा. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९९२ मध्ये. तोवर आमच्याकडच्या बहुतेक मुलांना डॉक्टरकी शिकायला मुंबईच गाठावी लागे.

फर्स्ट एमबीबीएस तेव्हा दीड वर्षाचं असे. हाडांचा अर्धा संच घरी आला तेव्हा आजीनं तो देवघरापासून लांब, माळ्यावर ठेवायला लावला. जेवणं झाली की तो खाली उतरे. वीज गेली असेल तर अभ्यास जास्तच रंगे. अंधारात हाताला लागेल ते हाड चाचपायचं, ते उजवं की डावं हे ओळखायचं आणि कशावरून तेही सांगायचं. बघून बघून मांडीचं हाड आम्हा धाकट्यांनाही ओळखता येऊ लागलं होतं.

दादाचा अभ्यास सगळ्यांना दिसे. गायटनच्या पाठ्यपुस्तकाच्या पानापानावर लाल-निळ्या रेघा, रात्री दोनपर्यंत दिवा, तेच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. आई त्याचं कौतुक करी आणि ताईला म्हणे, "तू कधी बसणार गं अभ्यासाला?" ताईचा अभ्यास लोकलमध्ये होई. एक मैत्रीण कल्याणहून बसून यायची, दुसरी ठाण्याला चढायची. ठाण्यापर्यंत पुस्तक कसंबसं उघडं राही. तिथं गर्दी आत घुसली की पान उलटायलाही जागा उरत नसे. मग पुस्तक मिटून तिघी एकमेकींना प्रश्न घालत. मेंदूतून निघणाऱ्या बाराही नसा क्रमानं, मग प्रत्येकीचं काम, मग ती निकामी झाली तर रुग्णात काय दिसेल. अडलं तर उतरल्यावर फलाटावरच पुस्तक उघडायचं. शेजारी भाजी निवडत बसलेल्या बायका मधेच आपल्या गुडघ्याचं विचारत, त्यांनाही समजेल असं सांगावं लागे.

घरी आजी होतीच. इंग्रजी नावं ऐकून तिचं समाधान होत नसे. "ते राहू दे, माझे पाय का सुजतात ते सांग." ताईनं नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का ते पाहिलं आणि हृदयापासून सुरुवात केली. "मग सूज पायालाच का, तोंडाला का नाही?" इथं ताई थांबली आणि उठून पुस्तकाकडे गेली. ते उत्तर ती पुन्हा कधी विसरली नाही. मला वाटतं, आमच्या घरात खरं वैद्यक शिकवलं ते आजीच्या या 'का'नं.

दादाही उत्तम डॉक्टर झाला, पण पाठ केलेलं रुग्णासमोर वेळेवर आठवायला त्याला फार कष्ट पडले. हे तो स्वतः सांगतो. अमेरिकेतला २००९ चा एक प्रयोग त्यानंच मला समजावून सांगितला. बालरोग आणि आपत्कालीन विभागांतल्या शिकाऊ डॉक्टरांना एका विषयाची टिपणं पुन्हा पुन्हा वाचायला दिली आणि दुसऱ्या विषयाची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. सहा महिन्यांनी चाचणीच्या विषयात सरासरी ३९ टक्के गुण पडले, नुसत्या वाचलेल्या विषयात २६. ऐकून मला ताई आणि तिच्या दोन मैत्रिणींचा डबा आठवला, आणि हेही जाणवलं की ३९ म्हणजेसुद्धा निम्म्याहून अधिक विसरलेलंच. सहा महिन्यांत एवढं निसटतं, तर डॉक्टरानं जन्मभर स्वतःला विचारत राहणं किती गरजेचं आहे.

आता दादाची मुलगी कळव्याला शिकते. ती मोबाइलवर प्रश्न सोडवते, म्हणून घरचे तिला रागावत. ताईनं ते थांबवलं. प्रश्न सोडवणं हा अभ्यासच आहे, असं तिचं ठाम मत. फक्त पडद्यावर चार पर्याय समोर असतात, वॉर्डात ते नसतात. म्हणून दर रविवारी पोरीनं एका रुग्णाची केस कागद न बघता, रुग्णाचं नाव न घेता, घरच्यांना कळेल अशा मराठीत सांगायची. परवा तिनं काविळीची सांगितली. पाऊण तास झाला तरी दादाचे प्रश्न संपले नव्हते.