दाबातून वाचलेली धूळ

मंगळावर आकाश किती निवळ आहे हे ठरवायची सरळ रीत म्हणजे कॅमेरा सूर्याकडे वळवायचा. सूर्य किती फिकटला त्यावरून धुळीचा आकडा निघतो. आम्ही त्याला 'टाऊ' म्हणतो. टाऊ 1 असला, तर थेट येणाऱ्या उन्हातलं 37 टक्केच खाली पोचतं. जून 2018च्या वादळात ऑपर्च्युनिटी रोव्हरपाशी टाऊ 10.8 झाला आणि सौरऊर्जेवर जगणारा तो रोव्हर कायमचा गप्प झाला.

पण कॅमेऱ्याला कामं फार, सूर्याचे फोटो मोजके. हवामानाच्या नोंदी मात्र रात्रंदिवस होत राहतात. त्यांतून धूळ वाचणं, हा माझा उद्योग. धूळ वाढली की दुपार निवते, रात्र ऊब धरते. पण तापमान पायाखालच्या जमिनीचंही ऐकतं. वाळू आणि खडक सारखे तापत नाहीत. म्हणून माझा भरवसा दाबमापकावर.

धुळीचं स्वतःचं वजन नगण्य. पण ती ऊन शोषून हवा तापवते, आणि त्या उष्णतेने उठलेली दाबाची लाट सूर्यामागोमाग ग्रहाला फेरी घालते. पुण्यातही दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, पण हजार मिलिबारांच्या हवेत ते लक्षात कोण घेतो! मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटी रोव्हरला सात-आठ मिलिबारांतच दिवसाकाठी दहा टक्क्यांच्या आसपास चढउतार दिसतो. 1977च्या दोन महावादळांत व्हायकिंग यानांनी दिवसातून दोनदा येणारी लाट फुगलेली टिपली. झुरेक आणि लिओव्ही या संशोधकांनी 1981मध्ये तिचा सिद्धांताशी मेळ घातला.

आकडेमोड करताना आधी ऋतू बाजूला काढावा लागतो. हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइड गोठतो, दाब घसरतो. म्हणून लाटेची उंची त्या दिवसाच्या सरासरी दाबाने भागायची. मग दिवसातून एकदा येणारी लाट वेगळी करायची, कारण गेलचे उतार तिला भलतीच फुगवतात. उरते ती दुहेरी लाट. ती रोव्हरच्या डोक्यावरच्या धुळीपेक्षा साऱ्या ग्रहावर पसरलेल्या धुळीबद्दल अधिक बोलते.

त्यामुळे कधी कॅमेरा आकाश निवळ म्हणतो आणि लाट चढलेली असते. अशा वेळी दोन आकड्यांची सरासरी काढायचा मोह होतो. मी ती काढत नाही. एक आकडा अंगणाचा, दुसरा मुलखाचा. दोन्ही शेजारी लिहून ठेवायचे आणि दूर कुठे वादळ उठलंय का, ते शोधायला लागायचं.