पाण्याचा दिवस

सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासएक किलोमीटरवरून उपसून आणलेलं. त्या दिवशी घरातलं एक माणूस नळापाशी लागतंच. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे ते माणूस मी होतो.

बायको माहेरी जालन्याला गेली होती. आईचे गुडघे दुखतात, म्हणून चारला मी उठलो. सुरुवातीचं गढूळ पाणी गटारीत सोडायचं, स्वच्छ धार लागली की पाइप हौदात टाकायचा. तोटी उघडी ठेवली, पाइपचं तोंड गटारीकडे केलं आणि आतल्या खोलीत बसलो. कानात इयरफोन, हातात मोबाइलवरचा ठोकळ्यांचा खेळ.

आठ बाय आठ घरांचा चौकोन, खाली तीन तुकडे. आडवी किंवा उभी ओळ भरली की ती नाहीशी होते. उरलेला एकही तुकडा बसेना झाला की डाव संपतो. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत बनवलेल्या टेट्रिसमध्ये तुकडे वरून पडत राहतात, विचार करेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या खेळात काहीच पडत नाही. तुकडा हवा तितका वेळ वाट बघतो. म्हणून वर्षभर मी स्वतःला सांगत होतो, हा निवांत खेळ आहे, यात वेळ जात नाही. ती माझी पहिली चूक. दमवणारा खेळ माणूस थकून तरी बंद करतो. हा मला थकवतच नव्हता. हरलो की लगेच रिकामा चौकोन समोर यायचा, आणि रिकाम्या चौकोनात सगळंच बसेल असं वाटायचं.

साडेपाचला दूध घ्यायला आई बाहेर गेली आणि ओरडली, "अरे, पाणी गटारीत चाललंय!" मी धावलो तोवर धार सुतासारखी झाली होती. हौदात दोन बादल्याही पडल्या नाहीत.

दुसरी चूक त्याहून मोठी. फोनवर बायकोला म्हणालो, "आज धारच बारीक होती." आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. माझ्या खोट्यात मी तिलाही ओढलं होतं. टँकर मिळेपर्यंत तीन दिवस तिने वाटीवाटीने पाणी घेऊन भांडी घासली.

चौथ्या दिवशी बायको आली. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "या खेपेला काय जोर होता गं पाण्याला!" तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याआधी स्वतःहून सांगायचं धैर्य झालं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "आईंनी किती दिवस असं काढलं?"

खेळ फोनवरून काढला. नंतर दोनदा परत घेतला, परत काढला. एक मात्र पाळतो: पाण्याच्या दिवशी फोन कपाटात आणि मी नळाजवळ पाटावर. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, मग ढास लागल्यासारखा आवाज होतो, मग गढूळ धार येते. आईला हा आवाज झोपेतही कळतो. त्या पहाटेही तिने तो ऐकला होता.

"तू बसला होतास ना," ती मला नंतर म्हणाली, "म्हणून मी परत झोपले."