पाऊणकी

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे असे एकटे कुठे गेलो नव्हतो, हे आधीच कबूल केलेले बरे. पंढरपूरला गेलो ते आईला घेऊन. तिरुपतीला गेलो ते मेहुणा, मेहुणी आणि त्यांच्या तीन मुलांसह. अजिंठ्याची लेणी आमच्या धावड्याहून काही फार लांब नाहीत. पण तीही मी पाहिली शाळेच्या सहलीबरोबर आणि हिने पाहिली माहेरच्या मंडळींबरोबर.

तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात मी जाहीर केले की, आपण दोघे गाडीने कोकणकिनारा पाहायला जाणार आणि तंबूत राहणार. घरातल्यांना वाटले, निवृत्त मास्तरांना ऊन लागले. ही मात्र काही बोलली नाही. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पंचांग असलेली दिनदर्शिका एवढे तिने पिशवीत भरले. दिनदर्शिका पाहून मी हसलो. चतुर्थी, एकादशी, प्रदोष यांवरून मी तिची आजवर यथेच्छ थट्टा केलेली आहे. गणिताचा शिक्षक मी. माझी बुद्धी शास्त्रीय!

तंबूचे खूळ डोक्यात घातले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो जर्मनीत असतो. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, फ्रान्समधल्या नीसपासून इटलीतल्या जिनोआपर्यंत गाडीने गेली होती. रात्री तंबू ठोकायचा, सकाळी गुंडाळायचा. गावी आला तेव्हा तो तंबू त्याने मलाच देऊन टाकला आणि वर सल्ला दिला, “सर, अगदी पाण्याजवळ ठोका. सकाळी पडदा उघडला की पाय पाण्यात!” हा सल्ला मी वेदवाक्यासारखा जपून ठेवला.

आमच्या भोकरदन तालुक्यात त्या वर्षी पाण्याची ओरड होती. आदल्या पावसाळ्याने दगा दिलेला. विहिरींनी तळ गाठलेला. टँकर आला की ही घागरी, हंडे, बादल्या रांगेने लावी आणि कोणत्या हंड्याचे पाणी कशाला, याचा हिशेब तोंडी ठेवी. असे ते घर सुनेवर सोपवून आम्ही निघालो. पुण्याच्या पुढे ताम्हिणीचा घाट उतरलो, माणगावावरून श्रीवर्धनला पोचलो, आणि हिने जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ पाहून ती एवढेच म्हणाली, “आणि यातलं घोटभर पिता येत नाही म्हणता!”

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. येथे सावित्रीची खाडी आडवी येते. गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे वेसवीला उतरायचे. बोटीत एक म्हातारा कोळी भेटला. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे तुम्हांला कसे कळते, असे मी त्याला सहज विचारले. तो म्हणाला, “त्यात काय मास्तर? तिथीची पाऊणकी करायची. जेवढे वाजता उत्तर येईल, तेवढ्याला भरती. दिवसाही आणि रात्रीही.”

मी मनातल्या मनात ताळा करून पाहिला. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. भरतीही तितकीच मागे सरकते. कोळ्यांनी त्याचा पाऊण तास केला इतकेच. हिशेब ठोकळ, पण खोटा नव्हता. पावकी, निमकी, पाऊणकी शाळांतून केव्हाच गेल्या. मीही कधी शिकवल्या नाहीत. माझ्या शेजारी ही मात्र ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

वेळासला कासवांचा हंगाम सरत आला होता. येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून समुद्रकासवांची अंडी राखण्याचे काम केले आहे. गावातल्या एका मुलाने आम्हांला सांगितले, की कासवीण रात्री वाळूवर येते आणि भरतीचे पाणी पोचणार नाही अशी जागा धरून तिथे खड्डा करून अंडी घालते. “शहाणी आहे,” ही म्हणाली. मीही मान डोलावली.

केळशीला पोचलो ती २३ मे, वैशाखी पौर्णिमा. सायंकाळचे सहा वाजत आले होते. समुद्र दूर गेलेला, ओली वाळू आरशासारखी चमकणारी. जवळच्या वाडीतल्या बाईंनी पिण्याचे पाणी दिले. हिने त्यांना ठेचा दिला. मी सपाट, कोरडी जागा पाहून तंबू ठोकू लागलो. जरा वर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे, शेवाळ, काटक्या आणि नारळाची सोडणे यांची एक लांबलचक ओळ पडली होती. ही तिथे उभी राहून म्हणाली, “अहो, हा कचरा पाण्यानंच आणून टाकलेला दिसतो. आपण याच्या वर जाऊ. आज पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पाणी इथवर येईल.”

मी खुंटी ठोकता ठोकता म्हणालो, “आता तू मला गणित शिकवू नकोस.”

ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने अंथरूण घातले.

अकरा वाजले असतील. तिने मला हलवून जागे केले. पायाशी गार लागत होते. बाहेर पाहतो तो चांदण्यात सगळा किनाराच नाहीसा झालेला! एक लाट आली आणि माझ्या चपला घेऊन गेली. आम्ही दोघांनी सामानासकट तंबू ओढला तो थेट त्या कचऱ्याच्या ओळीपलीकडे. पाणी ओळीच्या हातभर अलीकडे थांबले. मी घड्याळ पाहिले. सव्वाअकराला पाच मिनिटे कमी होती.

माझ्या विद्यार्थ्याचा सल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्या समुद्राचा होता. भूमध्य समुद्राला महासागराकडे उघडणारे दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर. त्यामुळे तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर भरतीचे पाणी फूटभराच्या आसपासच चढते. आपल्या कोकणात उधाणाला ते दोन मीटरांहून अधिक चढते. हे मला ठाऊक असायला हवे होते. आणि ठाऊक नव्हते तरी, शेजारी उभे असलेले माणूस सांगत होते.

ओल्या चादरी सुरूवर वाळत टाकून आम्ही वाळूवर बसलो. मी विचारले, “पाऊणकी कुणी शिकवली तुला?”

“वडिलांनी. दुकानावर बसायचे मी त्यांच्या. दहावीला गणितात वर्गात पहिली होते.” जरा थांबून ती म्हणाली, “डी. एड्.चा अर्ज भरला होता. तुम्हांला आठवत नसेल.”

मला आठवत होते. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा, १९८३ साल. अण्णा म्हणाले होते, “घरात एक मास्तर पुरे.” तिने दाराआडून माझ्याकडे पाहिले होते, आणि मी वर्तमानपत्र उघडले होते. त्या भरल्या घरात आम्हां दोघांना बोलायला कोपरा नव्हता, अशी मी आजवर मनाची समजूत घालत आलो. त्या रात्री तीही घालता येईना. मैलभर माणूस नव्हते.

“मी तेव्हा बोलायला हवं होतं,” मी म्हणालो.

“हवं होतं,” ती म्हणाली. ‘जाऊ द्या’ म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. ती तसे म्हणाली नाही, उठलीही नाही. पाणी मागे हटेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

पुढे दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे असे आणखी चार दिवस हिंडलो. तंबू कुठे ठोकायचा हे तीच ठरवी. मी खुंट्या मारी.

घरी परतलो तेव्हा टँकर चालूच होते. एका सायंकाळी हंडे भरून झाल्यावर ती ओसरीवर टेकली. नातीला जवळ घेऊन म्हणाली, “आज अष्टमी. आठ पाऊणे किती?”

नातीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “आजीला विचार.”

“सहा,” आजी म्हणाली. “केळशीला आता भरती आली असेल.”

मी घड्याळ पाहिले नाही.