टाच

टाच ही सोशिक. पावलातल्या सव्वीस हाडांत सगळ्यात मोठं हाड तिचं. चालताना जमिनीला आधी भिडते तीच आणि अंगाचा भारही आधी झेलते. तरी कौतुक होतं ते पावलांचं. तिच्याकडे लक्ष जातं ते भेगा पडल्या की.

शिरूर-दौंडकडे तिला उसंत नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत ती जड बुटात, सिमेंटच्या फरशीवर पाळीभर उभी असते. दौंड जंक्शनवर हमालाच्या डोक्यावरचं ओझं शेवटी तिच्यावरच येतं. उसाच्या फडात ती ढेकळं तुडवते, घरात ओट्यापाशी अनवाणी उभी राहते. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत पाटसहून रोटी घाट चढते, तेव्हा हजारो टाचा त्या चढाला लागलेल्या असतात.

अशी ही टाच एकदा रुसली, की सकाळी गाठते. अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं, की खिळा रुतावा तशी कळ. चार पावलं चालल्यावर ती ओसरते. दिवसभर उभं राहिलं, की संध्याकाळी पुन्हा ठणका. मग जो तो सांगतो, ‘हाड वाढलंय.’ एक्स-रेत ते दिसतंही. पण तसं हाड न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही असतं. बहुतेकदा दुखावलेला असतो तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा. पोटरी आखडलेली असली, की त्याच्यावर आणखी ताण येतो.

तिची समजूत काढायला फार काही लागत नाही, पण रोज लागतं. उठण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाची बोटं नडगीकडे ओढा; तळव्यावर अंगठा फिरवला, तर ताणलेला पट्टा हाताला लागतो. दहा आकडे मोजून सोडा, असं दहादा करा. भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरी ताणा. घरातही मऊ तळाची चप्पल घाला. बर्फाच्या बाटलीवरून तळवा फिरवा. वजन जास्त असेल, तर ते उतरवा.

आठवड्यात बरं वाटलं नाही म्हणून इंजेक्शनामागे लागू नये. त्यानं तात्पुरता आराम पडतो, पण वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा, टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. बहुतेकांची टाच ऑपरेशनाशिवाय बरी होते. मात्र काही महिने, कधी वर्षही जातं. सूज, ताप, बधिरपणा असेल, रात्री पडल्या जागीही दुखत असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

टाच रुसते, पण डूख धरत नाही. अंग दुखलं, की आपण विसावा घेतो. तोच हक्क तिलाही द्या. दुखणं अंगावर काढू नका, आणि आज जरा बरं वाटलं म्हणून उद्याचा व्यायाम चुकवू नका.