चाळीस पुस्तकांची यादी

शाळेच्या ग्रंथालयात रुजू झाले त्या पहिल्याच मे महिन्यात मी एक यादी केली. फुलस्केप कागद, निळी शाई, चाळीस पुस्तकं. पहिलं अर्थातच ‘श्यामची आई’. मग ‘गोट्या’, ‘पाडस’, ‘एक होता कार्व्हर’, ‘बनगरवाडी’ आणि पुढे बरीचशी चरित्रं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कुणी मूल दारात येऊन “काहीतरी द्या, मॅडम” म्हणालं, की मी दार उघडून यादीवरून बोट फिरवायची. हे वाचलंस? नाही? मग हेच घे. पाचवीतला असो की दहावीतली, यादी एकच. अठरा वर्षं मी अशीच पुस्तकं दिली, आणि आपण मुलांचं भलं करतोय याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

यादीतलं एकही पुस्तक वाईट नव्हतं, हे आजही ठामपणे सांगते. आमच्या घरात पंचांग आणि शाळेची पुस्तकं सोडली तर छापलेला कागद नव्हता. सहावीत आमच्या बाईंनी त्यांच्या पिशवीतून काढून ‘श्यामची आई’ माझ्या हातात ठेवलं. रात्री गोधडीत तोंड खुपसून रडत मी ते संपवलं. त्या रात्री मला जे मिळालं, ते प्रत्येक मुलाला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. चूक इच्छेत नव्हती. मला ज्या दारातून आत जाता आलं ते एकच दार आहे, असं मी धरून चालले होते.

२०१५पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन सुरू झाला. तास-दीड तास सगळी शाळा पटांगणात पुस्तक घेऊन बसते. पहिल्या वर्षी मी पुस्तकं कशी वाटली? हजेरी क्रमांकानुसार. एक नंबरला यादीतलं पहिलं पुस्तक, दोन नंबरला दुसरं. तास संपला की मॉनिटरने गठ्ठा करून आणून द्यायचा. फोटो छान आले. आपण पान अठ्ठावीसवर होतो, पुढे काय झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला कोण आलं? कुणीच नाही. मुलांना गोडीच राहिली नाही, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या तीन वर्षं आधीचं आहे.

आठवीतली एक मुलगी वाचन तासिकेला मागच्या बाकावर बसून काहीतरी वाचत होती. इतकी गढून गेली होती, की मी शेजारी येऊन उभी राहिले तरी तिला कळलं नाही. पुस्तक तिच्या मामाचं होतं. नारायण धारपांचं, भुताखेतांचं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, वर्गाला उंच धरून दाखवलं आणि म्हणाले, “असली पुस्तकं वाचून डोक्यात भुसा भरतो. शाळेत हे आणायचं नाही.” मुलं हसली. ती खाली बघत राहिली. मी पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात टाकलं आणि तिच्या हातात यादीतलं एक चरित्र दिलं. धारपांचं एक पानही तोवर मी वाचलेलं नव्हतं.

दहावीनंतर ती दाखला घ्यायला आली. दाखल्याआधी ग्रंथालयाचं काही येणं बाकी नाही, अशी माझी सही लागते. तिचं कार्ड काढलं. आठवीपर्यंत दर आठवड्याला एक नोंद. मग ते चरित्र, तिसऱ्याच दिवशी परत. त्यानंतर कार्ड कोरं. दोन वर्षं ती या खोलीत पाऊलच टाकायला आली नव्हती. शाळेचं तिच्याकडे काही येणं नव्हतं, म्हणून मी सही केली. तिचं मात्र माझ्याकडे होतं. मी सही करत होते त्याच टेबलाच्या खणात, माझ्या हाताखाली वीतभर अंतरावर, तिचं पुस्तक पडलेलं होतं. ना मला ते आठवलं, ना तिने मागितलं.

माझं मत एका दिवसात बदललं नाही. २०१९च्या मे महिन्यात पुस्तकांची पडताळणी होती. दाखल नोंदवही मांडीवर घेऊन एकेक पुस्तक तपासायचं, गहाळ काय, फाटलेलं काय याची नोंद करायची, हे दरवेळचंच काम. त्या वेळी मात्र मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी वाचत बसले. ‘पाडस’ हे राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं माझं सर्वांत लाडकं पुस्तक. अठरा वर्षांत त्यावर अकरा शिक्के. त्यातले सात ऑक्टोबरातले, शाळेचा प्रकल्प द्यायचा असतो त्या आठवड्यातले. बाकीच्या यादीचीही थोड्याफार फरकाने तीच गत. आणि ज्यांच्या चिठ्ठ्या भरून त्यावर दुसरी, तिसरी चिठ्ठी डकवावी लागली होती, ती पुस्तकं कुठली? भा. रा. भागवतांचे फास्टर फेणे. हातचलाखीच्या प्रयोगांचं एक पुस्तक, त्याचं कव्हर कधीच गेलं होतं. ‘किशोर’ मासिकाचे जुने बांधीव अंक. आणि शेळीपालनावरची एक चोपन्न पानी पुस्तिका. ती कुठल्या योजनेतून आमच्याकडे आली, देव जाणे. यातलं एकही पुस्तक मी कधी कुणाला सुचवलेलं नव्हतं. मुलांनी ती माझी नजर चुकवून, स्वतःहून शोधली होती.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्ही डॉ. रंगनाथन यांचे पाच नियम तोंडपाठ केले होते. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी हे नियम पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे हा दुसरा नियम, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे हा तिसरा. परीक्षेत या दोन नियमांवर मी पानभर लिहून आले होते. ‘त्याचं’ या शब्दावर मात्र कधी थांबले नव्हते.

तरीही मी लगेच बदलले असं नाही. आधी एक मधली वाट काढली. ठीक आहे, फेणे द्यायचा, जादूचं पुस्तक द्यायचं, पण आमिष म्हणून. पहिली पायरी म्हणून. मूल वाचायला लागलं की हळूच यादीकडे वळवायचं. शेळीपालनाची पुस्तिका एकाच मुलाने पाच वेळा नेली होती. सातवीतला, धनगरवाड्यावरचा. मला वाटलं, याच्यासाठी पुस्तक आपल्याकडे तयारच आहे. माडगूळकरांचं, आपल्याच माणदेशातलं, याच्याच माणसांचं. मी मोठ्या उत्साहाने ‘बनगरवाडी’ त्याच्या हातात दिली. “तुमच्याच लोकांची गोष्ट आहे, बघ.”

दोन दिवसांत पुस्तक परत आलं.

“वाचलंस?”

“थोडं वाचलं.” मग बराच वेळ गप्प. “म्याडम, ह्यातलं समदं ठावं हाय की मला. समुद्राचं काय आसलं तर द्या.”

त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. मी भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न शोधून दिला, कॅप्टन नेमो आणि नॉटिलस पाणबुडीचा. जाडजूड पुस्तक, अक्षरं बारीक. हा काही पेलायचा नाही, असं मनात म्हणाले. नऊ दिवसांनी तो आला तो प्रश्न घेऊनच. समुद्र सगळ्यात खोल कुठे आहे? किती? आम्ही दोघांनी नकाशासंग्रह उघडला, पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता काढली. जवळपास अकरा किलोमीटर. त्याने माझ्यासमोरच्या रद्दी कागदावर गणित मांडलं. अकरा किलोमीटर म्हणजे छत्तीस हजार फूट. त्यांच्या वस्तीवरची विहीर साठ फूट. “सहाशे हिरी,” तो म्हणाला. “एकावर एक सहाशे हिरी, म्याडम. आन् समद्या भरलेल्या.” आमच्याकडे मार्चमध्ये टँकर सुरू होतात. भरलेल्या सहाशे विहिरी म्हणताना त्या पोराचा चेहरा कसा झाला होता, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तो पुढे आयटीआयला गेला. जाईपर्यंत त्याने समुद्र, जहाजं, रेल्वे, बोगदे असलं सगळं वाचलं. ‘बनगरवाडी’ त्याने पुन्हा कधी हातात घेतली नाही, आणि यादीतलं दुसरं काही वाचलं असंही मला आठवत नाही. तो कुठलीही पायरी चढला नव्हता. तो वाचत होता. यात काही कमी आहे असं मला वाटेनासं झालं, तेव्हा कुठे माझं मत खऱ्या अर्थाने बदललं.

सगळ्यांना एकच यादी देणं चूक होतं, हे पडताळणीने शिकवलं होतं. पण मुलाचं आडनाव आणि वस्ती बघून ‘तुझं पुस्तक हे’ असं ठरवणं हीसुद्धा तीच चूक आहे, हे त्या पोराने शिकवलं. दोन्ही वेळा मी मुलाला न विचारताच उत्तर देऊन मोकळी झाले होते. बरं, आपल्या ओळखीच्या जगाचं पुस्तक मुलांना नकोच असतं, असंही नाही. कोयना धरणात गाव गेलेल्या कुटुंबातली एक मुलगी आमच्याकडे होती. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ तिने कपाटासमोर उभ्या उभ्या चाळलं आणि घेऊन गेली. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट. दोन महिने पुस्तक परत येईना. विचारलं तर म्हणाली, “आजोबा रोज रात्री एक धडा वाचायला लावतात. संपला की परत पहिल्यापासून.” मी दंड लावला नाही. कुणाला आरसा हवा असतो, कुणाला लांबचा किनारा. ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून कपाटात दोन्ही हवं, आणि शेळीपालनही हवं.

माझ्या हातून झालेली आणखी एक चूक सांगते, कारण ती अनेक शाळांत होत असावी असं मला वाटतं. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं मी हायस्कूलच्या मुलांना देतच नसे. ‘राधाचं घर’ मागणाऱ्या आठवीतल्या मुलाला मी “हे बालवाडीचं आहे” म्हणून परत पाठवलं होतं. तो म्हणाला होता, “धाकट्या बहिणीसाठी पाहिजे.” पुढे कळलं की त्याला बहीणच नाही. आठवीत येऊनही त्याला अक्षरं जुळवत वाचावं लागायचं, आणि आपल्याला पुरं करता येईल असं एक पुस्तक त्याला हवं होतं. ते मागायला त्याने किती धीर एकवटला असेल. आता ती पुस्तकं मी खालच्या फळीवर, सगळ्यांच्या हाताला येतील अशी ठेवते. कुणासाठी नेतोयस, हे विचारत नाही.

सहकाऱ्यांना हे सगळं पटलेलं नाही. ते म्हणतात, मुलांच्या कलाने घेतलं तर ती हलकंफुलकंच वाचतील. मुलांची ओळख चांगल्या साहित्याशी कुणी करून द्यायची? हा प्रश्न खोटा नाही, तो मला रोज पडतो. सुचवणं मी सोडलेलं नाही. चुकांनी भरलेली, घाईत उरकलेली संक्षिप्त रूपांतरं मी आजही खरेदी करत नाही. विक्रेते गळ्यात मारतात ते पंचवीस चरित्रांचे एकसारखे संच घेणं बंद केलं आहे, आणि त्या पैशात नारळीकरांच्या विज्ञानकथा, चितमपल्लींचं पक्ष्यांवरचं लेखन, मतकरींची बालनाट्यं, ‘तोत्तोचान’, क्रिकेट, स्वयंपाक, सायकल दुरुस्ती असं जमेल तसं एकेक आणते. ‘श्यामची आई’च्या चार प्रती आहेत, आणि ज्याला द्यावीशी वाटते त्याला मी ती आवर्जून देते. गेल्या वर्षी एका मुलाने ती परत देताना माझ्याकडे बघितलंच नाही, पुस्तक टेबलावर ठेवून पळाला. का पळाला, ते मला कळलं.

आता मूल आलं की आधी बोलते. शाळा सुटल्यावर काय करतोस, कशाची भीती वाटते, शेवटचं कधी खूप हसलास. मग तीन पुस्तकं टेबलावर मांडते, तिन्ही एकमेकांपासून लांबची. एक उचल, दोन ठेव. नाही आवडलं तर अर्ध्यात सोडून परत आण. परत आणताना तात्पर्य विचारत नाही, सारांश लिहायला लावत नाही. फक्त विचारते, कुठवर आलास? याला वेळ लागतो. अर्धवेळ ग्रंथपालाच्या तासांत तो पुरत नाही, मधल्या सुट्टीत दारात रांग लागते. कधी कधी तिन्ही पुस्तकं चुकतात.

दारावरची यादी मी काढून टाकली. कागद निघाला, डिंकाचा चौकोन राहिला आहे.

आणि खण आवरताना धारपांचं ते पुस्तक हाती लागलं. घरी नेलं, एका बैठकीत वाचलं. उठून दिवा लावावासा वाटला तरी पान सोडवेना. भाषा स्वच्छ, घट्ट. डोक्यात भुसा भरेल असं त्यात काहीही नव्हतं. मी त्या मुलीची चौकशी केली. कुटुंब गाव सोडून गेलंय, कुठे ते नीट कुणाला सांगता येईना. पुस्तक शाळेचं नाही, त्यामुळे दाखल नोंदवहीत चढवता येत नाही, आणि चढवायचंही नाही. ते तिचं आहे. त्याला खाकी कव्हर घातलं, आत पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं. कुणी भुताचं पुस्तक मागितलं की तिला न विचारताच, पण तिचं नाव सांगून, मी ते खणातून काढून देते. वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर आपलं नाव लिहायचं, एवढीच अट. ती कधी आली तर पुस्तक त्या नावांसकट तिच्या हातात द्यायचंय. आजवर अकरा नावं झाली आहेत. बाराव्याने काल नेलं.