सगळ्यात वाईट क्षणाचा हिशेब

ब्रेक दाबल्यावर गाडीतल्या कंट्रोलरने अगदी बरोबर उत्तर काढलं, पण उशिरा काढलं, तर ते उत्तर चुकलेलंच असतं. एम्बेडेड सिस्टीमच्या कामात हे पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं, अंगात मुरायला मात्र वेळ लागतो. कॉलेजात प्रोग्रॅम बरोबर चालतो का, एवढंच तपासायची सवय लागलेली असते. तो उशिरात उशिरा कधी संपेल, हे तिथे कुणी विचारत नाही. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारी इतकी माणसं आहेत, पण नवा मुलगा रुजू झाला की तो आधी कोड ‘फास्ट’ करायला घेतो. मी त्याला आधी ऑसिलोस्कोपसमोर बसवतो.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. टास्क सुरू होताना मायक्रोकंट्रोलरची एक मोकळी पिन हाय करायची, संपताना लो करायची आणि त्या पिनेला ऑसिलोस्कोपची प्रोब लावायची. पडद्यावर पल्स दिसते. तिची रुंदी म्हणजे टास्कला लागलेला वेळ. स्कोपचं पर्सिस्टन्स चालू केलं की जुन्या रेषा पुसल्या जात नाहीत आणि पल्सची मागची कड पसरत जाऊन तिचा दाट पट्टा होतो. मध्येच आलेले इंटरप्ट, कॅशेत न सापडलेला डेटा, ‘इफ’ची क्वचित घेतली जाणारी वाट, हे सगळं त्या पट्ट्यात असतं. बराच वेळ गेला की पट्ट्याच्या बरीच उजवीकडे एखादी एकटी रेषा उमटते. ती पाहून माणूस गप्प होतो. तिच्याही उजवीकडे दुसरी असू शकते, आणि ती कधी उमटेल हे स्कोप सांगू शकत नाही. त्याला फक्त घडून गेलेलं दिसतं.

न घडलेलं मोजायचं असेल तर विश्लेषणच करावं लागतं, आणि या विषयातल्या संशोधनाबद्दल मला ओढ आहे ती त्यासाठीच. १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी दाखवलं, की ठरावीक काळाने परत परत येणारी, एकमेकांवर अवलंबून नसलेली कामं असतील, ज्याचा काळ लहान त्याला प्रायॉरिटी जास्त दिली असेल आणि प्रोसेसरवरचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर एकही डेडलाइन चुकणार नाही. कामं कितीही असोत. एकही टेस्ट न चालवता देता येणारी ही हमी आहे.

हमी अटींवर उभी असते, आणि अटी मोडतात. ‘मार्स पाथफाइंडर’ हे नासाचं यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिसेट होऊ लागला. यानातल्या डेटा बसचं चक्र सेकंदाला आठ वेळा फिरायचं, म्हणजे प्रत्येक फेरीला १२५ मिलिसेकंद. बसवरचा डेटा वाटणारा टास्क वरच्या प्रायॉरिटीचा होता, हवामानाची माहिती गोळा करणारा खालच्या. दोघांना एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, लागायचा. हवामानवाल्याने तो घेतला की वरच्याला थांबावं लागे, ते ठीक. पण तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीची कामं आली, की ती हवामानवाल्याला बाजूला सारून स्वतः चालत. मग म्युटेक्स सुटेना आणि वरचा टास्क पुढे सरकेना. फेरी अपुरी राहिली हे ध्यानात येताच यंत्रणा स्वतःला रिसेट करत होती.

यावरचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांच्या १९९० च्या निबंधात मांडलेला होता: म्युटेक्स धरून बसलेल्याला, तो सोडेपर्यंत, वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी द्यायची. व्हीएक्सवर्क्स या यानातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती सोय होतीही, फक्त त्या म्युटेक्सपुरती बंद होती. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच रिसेट घडवून आणला, कारण शोधलं आणि इथून बदल पाठवून ती सोय चालू केली. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रिसेट दिसले होते, पण पुन्हा घडवता आले नव्हते. पट्ट्याबाहेरची एकटी रेषा ती हीच.

तरी माझ्या मनात जास्त घर केलं आहे ते दुसऱ्या एका गोष्टीने. गाडीतले कंट्रोलर कॅन बसवर बोलतात. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर लहान आयडीचा संदेश पुढे जातो, मोठ्या आयडीचा थांबतो. मात्र एकदा सुरू झालेला संदेश कुणी तोडू शकत नाही. आठ बाइटचा संदेश, लागोपाठ पाच सारख्या बिटांनंतर घालावी लागणारी जादा बिट धरून, १३५ बिटांपर्यंत जातो. ५०० किलोबिटच्या बसवर २७० मायक्रोसेकंद. एखाद्या संदेशाला जास्तीत जास्त किती उशीर होईल, याचं गणित १९९४ मध्ये टिंडेल, बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. उद्योगाने ते उचललं, टूल बनली. पुढे त्यात चूक निघाली. संदेशाची पहिली खेप वेळेत पोचली की पुढच्याही पोचतील, असं त्यात गृहीत धरलं होतं. पण पहिली खेप बसवर असताना वरचे संदेश तुंबतात आणि तो सगळा भार दुसऱ्या खेपेवर येतो. चूक दाखवून गणित दुरुस्त करणाऱ्या २००७ च्या लेखाच्या चार लेखकांत स्वतः अ‍ॅलन बर्न्स आहेत. आपलंच गणित खोडून तसं छापणाऱ्या माणसांच्या भरवशावर ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला मला बरं वाटतं.

आता प्रश्न अधिक अवघड झाला आहे. पूर्वी वेगवेगळ्या डब्यांत असलेले कंट्रोलर एकाच मल्टिकोर चिपवर येत आहेत. माझा टास्क एका कोरवर एकटा असला, तरी मेमरी शेजारच्या कोरबरोबर वाटून घेतो. शेजारी मेमरीवर किती आदळेल यावर माझा वेळ ठरतो. तो शेजारी बऱ्याचदा दुसऱ्या पुरवठादाराचा असतो आणि त्याचा सोर्स कोड मला मिळत नाही. म्हणून सध्या आम्ही प्रत्येक कोरला काळाच्या ठरावीक खिडकीपुरतं मेमरी वापराचं बजेट बांधून देतो. ते संपलं की तो कोर पुढच्या खिडकीपर्यंत थांबतो. मग शेजाऱ्याच्या जागी मुद्दाम मेमरी झोडपणारा प्रोग्रॅम बसवतो आणि माझ्या टास्कची पल्स पुन्हा मोजतो. सरासरी वेग यात घसरतो, आणि दर रिव्ह्यूला त्यावरून वाद होतो. तो वाद मी आनंदाने घालतो.